कपडे हवेप्रमाणे, दागिने सणाप्रमाणे

दुकानांचे पंचांग आणि हवेचे पंचांग यांचे ठाण्यात कधीच जुळत नाही. श्रावण लागला की राम मारुती रोडवरच्या काचांमागे जरीकाठाचे, अस्तर लावलेले, गळाभर भरतकाम केलेले कुर्ते झळकू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात दोरीवर टाकलेला पंचासुद्धा दुसऱ्या दिवशी ओलसर लागतो. हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार मुंबई परिसरात मॉन्सून साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. म्हणजे मंगळागौर, राखीपौर्णिमा, गणपती, गौरी आणि बहुतेक वर्षी नवरात्रातले काही दिवस, असे नटण्यामुरडण्याचे सगळे दिवस पावसाळ्यातच पडतात. पाऊस सरतो न सरतो तोच ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो आणि त्याच्या पाठोपाठ दिवाळी येते. जाड रेशीम अंगावर सुखाने नांदेल अशी हवा आपल्याला मिळते ती मार्गशीर्ष-पौषात, आणि तेव्हा घरच्या सणांपैकी शिल्लक असते ती एकटी संक्रांत.

या विसंगतीवर मी माझ्यापुरता एक हिशोब बसवला आहे. अंगावरचा कपडा निवडताना केवळ हवा पाहायची, आणि सण दाखवायचा तो कानांत, गळ्यात, केसांत आणि मनगटावर. सणासाठी म्हणून घेतलेला भरजरी पोशाख वर्षातून एकदोनदा बाहेर निघतो आणि उरलेले महिने कपाटात जागा अडवतो. साधा सुती कुर्ता मात्र कचेरीत, बाजारात, नातेवाइकांकडे असा वर्षभर अंगाला लागतो, आणि त्याच कुर्त्यावर खणाची कर्णफुले व मोत्यांचा सर चढवला की तो हळदीकुंकवालाही चालतो. पैसे वाचतात ते इथे. सवलतीच्या पाटीखाली घेतलेल्या तिसऱ्या पोशाखात ते वाचत नाहीत.

कापडाची गोष्ट आधी करायला हवी, कारण स्वस्त म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे आपल्या हवेत महागात पडते. प्रमाणित दमटपणाच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, रेयॉन अकरा ते तेरा टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिएस्टरचा जॉर्जेट पंख्याखाली तासाभरात सुकतो पण घाम टिपत नाही, सुती कापड घाम टिपते पण जाड असेल तर पावसात वाळता वाळत नाही, याचे मूळ या आकड्यांतच आहे. रेयॉनची तऱ्हा सर्वांत वाईट. पदपथावर आणि मोठ्या दुकानांतही स्वस्त कुर्त्या म्हणून जे ढीग लागलेले असतात त्यांतला मोठा वाटा रेयॉनचा असतो. ते हाताला मऊ लागते आणि अंगावर छान पडते, परंतु भिजल्यावर जड होते, ओले असताना त्याची ताकद घटते, आणि पहिल्या धुण्यात आटण्याचीही भीती असते. पावसाळ्यात मी मलमल किंवा व्हॉइलसारखे पातळ सुती कापड घरासाठी आणि सणासाठी वापरते, आणि लोकलचा प्रवास असेल त्या दिवशी सुती-पॉलिएस्टर मिश्र. जीन्स जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाटात जाते आणि दसऱ्यानंतर बाहेर निघते. गुडघ्यापर्यंत भिजलेली जीन्स घालून दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसण्याइतका जाच दुसरा नाही.

घाऊक खरेदी करायची असेल तर उल्हासनगरची गजानन मार्केट ही बाजारपेठ ठाणेकरांना जवळची आहे. कटपीस आणि ड्रेस मटेरियल तिथे भरपूर मिळते, मात्र सकाळी लवकर जावे आणि काय घ्यायचे ते आधीच ठरवून जावे, नाहीतर तिथल्या ढिगाऱ्यांपुढे भलाभला माणूस गोंधळतो. थोडेसेच हवे असेल तर एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही, कारण जांभळी नाक्याच्या आसपासच्या दुकानांतही चांगले सुती कापड मिळते. कापड कुठूनही घ्या, पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून ते गडद रंगावर घासून पाहावे. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण रुमालावर रंग उतरला तर तो कुर्ता पहिल्याच पावसात आतल्या कपड्यांसकट सारे रंगवणार हे निश्चित समजावे. "रंग पक्का आहे, ताई," या आश्वासनावर घेतलेल्या एका लाल ओढणीने माझ्या सासूबाईंची पांढरी साडी कायमची गुलाबी करून ठेवली, तेव्हापासून रुमाल पर्समध्ये असतोच.

शिवायला टाकण्याआधी सुती कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच द्यावे. माझे शिंपीकाका नौपाड्यातल्या एका जुन्या चाळीच्या जिन्याखाली बसतात आणि माप घेताना दरवेळी एकच प्रश्न विचारतात, "माया किती ठेवू?" मी नेहमी दोन्ही कुशींना इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेले जादा कापड, ठेवायला सांगते. अंगाने माणूस कमीजास्त होतच असतो, आणि उसवून मोठा करता येणारा कुर्ता पाच वर्षे टिकतो. तयार कपड्यांत हीच माया वाचवलेली असते, त्यामुळे ते घट्ट झाले की दान करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. काकांकडून मी आणखी एक गोष्ट आणते, ती म्हणजे कात्रणांची पिशवी. ब्लाउजसाठी आलेल्या खणांचे, इरकलीच्या काठांचे, ब्रोकेडचे वीतभर तुकडे त्यांच्या दृष्टीने केर असतात, आणि माझ्या दृष्टीने पुढच्या सहा महिन्यांचे दागिने.

खण हे कापड मूळचे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे. आता बाजारात यंत्रमागावरचे कृत्रिम धाग्याचे खणही सर्रास मिळतात आणि दागिन्यांसाठी ते वाईट नाहीत. कर्णफुलांची एक जोडी करायला जाड पुठ्ठा, खणाचा तळहाताएवढा तुकडा, फेव्हिकॉल, थोडी सोनेरी दोरी, दोन हुक आणि चार कड्या एवढे सामान पुरते. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम, कारण तो दडस असतो आणि बहुधा एका बाजूने सोनेरीही. खण कापला की त्याची सुते सुटू लागतात. म्हणून कापण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला इस्त्रीने चिकटणारे पेस्टिंग लावून घ्यावे. शिवणाच्या सामानाच्या दुकानात ते मीटरवर मिळते आणि पाव मीटरमध्ये वर्ष निघते. पुठ्ठ्याच्या तीन सेंटिमीटर व्यासाच्या चार चकत्या कापाव्यात. त्यांपैकी दोन चकत्यांवर खण बसवायचा असतो, तेव्हा नक्षीतले एखादे फूल किंवा बुट्टी बरोबर मधोमध येईल असे पाहून कापड चकतीपेक्षा सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर मोठे कापावे. खरे कौशल्य या वाढीव कडेत आहे. तिला जवळजवळ काप दिले नाहीत तर मागे दुमडताना चुण्या पडतात आणि गोल चकती कोपरे फुटल्यासारखी दिसते. काप मात्र चकतीला टेकू देऊ नयेत, दोन मिलिमीटर आधीच थांबावे. कड मागे चिकटवल्यावर उरलेल्या चकत्या पाठीमागून लावाव्यात, आणि जोडी जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवावी. पावसाळ्यात रात्रभर पुरत नाही, दोन रात्री धराव्यात, कारण दमट हवेत फेव्हिकॉल वरून सुकलेला वाटतो आणि आतून ओला असतो. त्यानंतर कडेने सोनेरी दोरी फिरवून वर दाभणाने भोक पाडावे आणि कडी घालावी. कडी उघडताना तिची तोंडे एकमेकांपासून ओढून दूर करायची नसतात. दोन पकडींनी धरून एक तोंड पुढे आणि एक मागे असे पिरगाळायचे, म्हणजे बंद केल्यावर तिचा गोल शाबूत राहतो. बाजारातल्या हलक्या कर्णफुलांचे लोंबते भाग हरवतात ते बहुधा या एका कडीपायीच.

हुक मात्र स्वस्तातले घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कान खाजणे, लाल होणे, भोकातून पाणी येणे या तक्रारींमागे पुष्कळदा हलक्या धातूतले निकेल असते, आणि एकदा त्याची अॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर पाठ सोडत नाही. सर्जिकल स्टीलचे किंवा चांदीचे हुक थोडे महाग पडतात, पण तेच हुक एका जोडीतून काढून दुसरीत घालता येतात, त्यामुळे मी दोन जोड्या हुकांवर सगळा संसार चालवते. तात्पुरता उपाय म्हणून हुकावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात देतात, तो थोडे दिवस टिकतो आणि मग निघून जातो. पितळेवर मुलामा दिलेले दागिनेही आपल्या घामाने आणि दमट हवेने लवकर काळवंडतात. अत्तर आणि पावडर आधी, दागिना शेवटी, आणि उतरवल्यावर कोरड्या कापडाने पुसून खडूच्या तुकड्यासह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, एवढे पाळले तरी त्यांचे आयुष्य वाढते. लोकलने जाणाऱ्यांनी लांब झुमके पर्समधूनच न्यावेत. सकाळच्या गर्दीत कुणाच्या ओढणीत ते अडकले तर कानाची पाळी फाटायची.

नवरात्राचे नऊ रंग हा खरे तर खिशावरचा मोठा घाला आहे. धर्मशास्त्रात त्याला कसला आधार नसावा असे म्हणणारी जुनी माणसे आमच्या सोसायटीत आहेत, आणि ही प्रथा घरोघरी पोचली ती वर्तमानपत्रांमुळेच. तरीही सकाळच्या गाडीत अख्खा डबा एका रंगाचा दिसला की मौज वाटते हे नाकारण्यात अर्थ नाही. या रंगांचा एक सरळ नियम आहे, तो लक्षात ठेवला तर यादीची वाट पाहत बसावे लागत नाही. पहिले सात दिवस वारावर ठरतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा आणि रविवारी नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी आणि जांभळा यांपैकी दोन रंग येतात. नऊ कुर्ते घेण्याऐवजी मी एक मोतिया रंगाचा आणि एक काळा असे दोन कुर्ते धुऊन आलटूनपालटून वापरते, आणि रंग येतो तो कर्णफुलांतून, केसांच्या बंदातून आणि जुन्या साड्यांच्या ओढण्यांमधून. केसांचा बंद तर अर्ध्या तासाचे काम आहे. वीस इंच लांब आणि चार इंच रुंद कात्रण उलट बाजूने दुमडून लांबीला शिवायचे, सुलटे करायचे, आत सात इंचांचे इलॅस्टिक ओवून दोन्ही टोके जोडायची आणि वरून हातशिलाईने तोंड बंद करायचे. यंत्र नसेल तर बारीक धावदोराही चालतो. माझ्या वहिनीने तिच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना गेल्या दसऱ्याला हेच वाटले, आणि सोने लुटायला आलेल्यांपैकी निम्म्याजणी कोणती साडी कापली याचीच चौकशी करत होत्या.

ऋतूप्रमाणे बदलणारा आणि सर्वांत स्वस्त दागिना म्हणजे फूल, आणि त्याच्याकडे आपण फॅशन म्हणून पाहतच नाही. फाल्गुन-चैत्रात सिंधुदुर्गाकडून सुरंगीचे गजरे येतात, त्यांचा वास डब्यात एका बाईच्या केसांत असला तरी साऱ्या डब्याला पुरतो. उन्हाळाभर मोगरा, पहिल्या सरींबरोबर अनंत, पावसात जाई-जुई आणि वसईकडचा सोनचाफा, थंडीकडे शेवंती. मोगऱ्याचा गजरा घेताना मिटलेल्या टपोऱ्या कळ्यांचा घ्यावा, दुपारी फुललेला घेतला तर संध्याकाळी माळेपर्यंत तो तपकिरी होतो. ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवला की दुसऱ्या दिवशीही माळता येतो. बकुळीची गोष्टच वेगळी, ती वाळली तरी दरवळते, म्हणून तिच्या माळा मी साड्यांच्या घड्यांत ठेवते. कागदाची आणि फोमची कृत्रिम फुले मला मनापासून आवडत नाहीत, पण केस पातळ असणाऱ्यांना खरा गजरा जड होतो, तेव्हा त्यांच्यापुरता माझा आक्षेप मागे.

सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत घरी काय करावे यापेक्षा काय करू नये हे सांगणे अधिक निकडीचे आहे. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणे हा शुद्ध अविचार आहे, त्वचेवरचा लिंबाचा रस आणि ऊन यांच्या संयोगाने भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. खाण्याचा सोडाही चेहऱ्याला लावू नये. सनस्क्रीनही घरी करण्याची वस्तू नाही, ते विकतच घ्यावे, आणि ते घेताना आकड्यांच्या मागे लागू नये. एसपीएफ हा सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा, आणि प्रयोगशाळेतल्या मोजणीत एसपीएफ ३० उन्हातले त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवते आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के, हा फरक एका टक्क्याचा आहे. खरा फरक पडतो तो प्रमाणाने. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे लागते, आणि बहुतेकजणी त्याच्या निम्मेही घेत नाहीत. ढगाळ दिवसांतही ते लावायचे असते.

श्रावणातल्या मेंदीबद्दलही एक सावधगिरी. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी उमटतो आणि एकदोन दिवसांत गडद तपकिरी होतो. पंधरा मिनिटांत काळा रंग देणारा कोन मिळाला तर त्यात केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असू शकते, आणि त्याने हातावर फोड आलेले मी शेजारच्या मुलीच्या बाबतीत पाहिले आहेत. घरी कोन करायचा तर ताजी, वस्त्रगाळ पूड, लिंबाचा रस, थोडी साखर आणि निलगिरी तेलाचे काही थेंब पुरेत. भिजवून रात्रभर झाकून ठेवावी.

उटणे मात्र घरीच करावे, कारण ऑक्टोबरच्या उन्हाचा एवढा एकच काय तो उपयोग. काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा आणि गुलाबपाकळ्या आणून दोनतीन दिवस कडकडीत वाळवाव्यात. संत्र्याची साल हवी असेल तर ती आदल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराची संत्री येतात तेव्हाच सुकवून बरणीत भरून ठेवावी लागते, दिवाळीच्या तोंडावर ती आठवून उपयोग नाही. सगळे बारीक दळून वस्त्रगाळ करावे, चाळणीने भागत नाही, जाडसर कण चेहऱ्याला ओरखडतात. मग दुप्पट मसुरीचे पीठ आणि थोडी मुलतानी माती मिसळावी. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल चोळल्यावर हे दुधात कालवून लावले की वेगळा साबण लागत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी लावून पाहावे, आंबेहळद सर्वांनाच मानवते असे नाही. लहान कापडी पुरचुंड्यांत भरून, वर उरलेल्या खणाची फीत बांधून, मी हेच पाडव्याला नणंदांना देते.

संक्रांतीला मात्र हवा आणि सण यांची गट्टी जमते. काळा रंग ऊन शोषतो म्हणून थंडीत तो सोयीचा, आणि एरवी अनेक घरांत सणावारी वर्ज्य असलेली काळी साडी या एका दिवशी मानाने नेसता येते. चंद्रकळा मिळाली तर उत्तमच, नाहीतर साध्या काळ्या सुती साडीवर पांढऱ्या हलव्याचे दागिने इतके उठून दिसतात की दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. हलवा घरी करणे हे सोशिकपणाचे काम आहे. मंद आचेवर तीळ किंवा साबुदाणा ठेवून, पाकाचा थेंब थेंब सोडत हाताने फिरवत राहायचे, तेव्हा कुठे काटा येतो. मी हलवा विकत आणते आणि दागिने घरी करते. हलव्याच्या दाण्यात सुई जात नाही, जोर केला तर तो फुटतो, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून गाठ मारायची असते. चिंचपेटी, बाजूबंद आणि मुकुटासाठी मात्र सोनेरी कागद लावलेल्या पुठ्ठ्यावर दाणे चिकटवतात. बोरन्हाणाच्या बाळाला बाजूबंद आणि मुकुट करावा, गळ्यात काही घालायचे तर दोऱ्याला सुटती गाठ मारावी आणि दागिने अंगावर असेपर्यंत नजर हलवू नये, कारण मुले ते दागिने खातातच. साखर हवेतला ओलावा ओढते, म्हणून तयार दागिने हवाबंद डब्यात ठेवावेत. मुंग्यांसाठी तो डबा पाण्याच्या ताटात.

त्यानंतर वर्ष पुन्हा उन्हाकडे वळते आणि गुढीपाडवा येतो. श्री कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून जायचे असेल तर सुतीच नेसावी, सकाळी नऊनंतर रस्ता तापतो. नाक टोचलेले नसलेल्यांनी चापाची नथ घरी करावी. एका जाड पितळी तारेचा वाक देऊन त्यावर पातळ तारेने मोती गुंफायचे, मधे एक लाल आणि एक हिरवा मणी घालायचा. चाप फार घट्ट ठेवला तर नाक दुखते आणि सैल ठेवला तर ढोलताशांच्या गर्दीत नथ पडते. त्यामुळे ती आदल्या संध्याकाळी घरात तासभर घालून वावरावे आणि पकडीने जरा जरा बसवून घ्यावी.